वाचन शिकवणाऱ्याची शिदोरी



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लागला तेव्हा आपल्यापैकी दोघातिघांनी मला बाजारात गाठून विचारले, "गुरुजी, वाचायला शिकवायचे त्यात व्याख्यान कसले? आम्ही ग म भ न गिरवले, पाटी पुसली आणि पुढे गेलो. त्यात पुन्हा हे आंतरजाल कशाला?" प्रश्न रास्त आहे. ज्याला वाचता येते त्याला वाचता न येणे कसे असते हे आठवत नाही. पोहणाऱ्याला बुडण्याची कल्पना करता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून आधी एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या चौथीच्या वर्गात मी पाहुणा म्हणून बसलो होतो. गुरुजींनी एका मुलीला उभे केले. तिने भाषेच्या पुस्तकातला धडा खणखणीत आवाजात, न अडखळता म्हणून दाखवला. मी खूष झालो. तेवढ्यात माझे लक्ष तिच्या बोटाकडे गेले. बोट तिसऱ्या ओळीवर होते आणि तोंड पाचव्या ओळीवर. मी जवळ जाऊन मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले. शब्द होता 'पिकले'. मुलगी गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पकिले." सगळा धडा तिला पाठ होता. त्यातला एक शब्दही तिला वाचता येत नव्हता.

गुरुजींचा चेहरा पडला. हे गुरुजी आळशी नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. मधल्या सुट्टीत त्यांनी मला आपला मोबाइल दाखवला. त्यात शिक्षणाची अकरा ॲपे होती, शिक्षकांचे चार गट होते, आणि गटांवर आलेल्या चित्रफिती, तक्ते, स्वाध्यायपत्रिका यांनी मोबाइलचे पोट इतके भरले होते की नवा फोटो काढायला जागा नव्हती. पदरचे पैसे घालून त्यांनी हे जमवले होते. आणि त्यांच्या वर्गातली एक मुलगी तीन वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत न वाचता वाचत होती.

ही एका वर्गाची गोष्ट नाही. 'असर' या नावाने खेडोपाडी घरोघर जाऊन जी पाहणी होते, तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात तिसरीतल्या शंभर मुलांपैकी साधारण सत्तावीस मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०१८ सालीही आकडा जवळजवळ एवढाच होता, मध्ये करोनाच्या काळानंतर २०२२ मध्ये तो विसावर घसरला आणि पुन्हा वर आला. म्हणजे घसरलेली गाडी वर चढली ती जुन्या जागेपर्यंत. याच सहा वर्षांत मोबाइल घरोघर पोचले. साधने वाढली, वाचणारी मुले त्या मानाने वाढली नाहीत. हे का झाले, आणि त्या साधनांतली खरोखर उपयोगाची कोणती, एवढेच मला आज सांगायचे आहे. आंतरजाल वाईट आहे असे म्हणायला मी आलेलो नाही. मी स्वतः त्यावरून पुष्कळ घेतले आहे, आणि पुष्कळ फेकूनही दिले आहे.

आधी त्या 'पकिले'कडे परत जाऊ. ती मुलगी का चुकली? तिला प येत होता, क येत होता, ल येत होता. ऱ्हस्व वेलांटी आपण उच्चारतो व्यंजनानंतर, पण लिहितो व्यंजनाच्या आधी. डोळा डावीकडून उजवीकडे जातो, त्याला आधी वेलांटी भेटते, मग प. मुलीने पहिल्या प्रथम पाहिलेली खूण बिचारीने सांभाळून ठेवली आणि पुढच्या अक्षराला लावून टाकली. ही चूक मूर्खपणाची नाही, उलट तीत एक तर्क आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला सव्वीस अक्षरे ओळखावी लागतात, ती दगाबाज निघतात ही गोष्ट वेगळी. आपल्या मुलाला चौतीस व्यंजने आणि त्या प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशेच्या वर आकृती ओळखाव्या लागतात, त्यावर जोडाक्षरे. एकट्या र चे पाहा. 'प्रकाश'मध्ये तो पायाशी बसतो, 'सूर्य'मध्ये डोक्यावर चढतो, 'राष्ट्र'मध्ये ट च्या खाली काकपद होतो, आणि 'दऱ्या'मध्ये आडवा होऊन समोर येतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. एका रफाराने माणूस महाबळेश्वरहून थेट मालवणला जातो!

तेव्हा वाचन शिकवणाऱ्याचा पहिला प्रश्न 'काय दाखवू?' हा नसून 'हे मूल नेमके कोठे अडले आहे?' हा आहे. वैद्य आधी नाडी पाहतो, मग पुडी देतो. आंतरजालावर पुड्यांची दुकाने अगणित आहेत. नाडी पाहायला शिकवणाऱ्या जागा थोड्या आहेत, आणि माझ्या मते पहिला मान त्यांचा आहे.

त्यातली सर्वांत सोपी वस्तू म्हणजे मघाशी सांगितलेल्या 'असर' पाहणीचा वाचनाचा कागद. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ही पाहणी होत आली आहे. तिचा कागद मराठीतही आहे आणि तो फुकट उतरवून घेता येतो. एका पानावर चार चौकटी. एकीत सुटी अक्षरे, दुसरीत साधे शब्द, तिसरीत पहिलीच्या पातळीची चार छोटी वाक्ये, चौथीत दुसरीच्या पातळीची एक लहानशी गोष्ट. मुलाला एकट्याला जवळ बसवायचे. प्रथम वाक्ये द्यायची. ती सुखाने वाचली तर गोष्ट द्यायची. अडखळला, तीनहून अधिक चुका झाल्या, तर शब्दांकडे यायचे, तेही जमेना तर अक्षरांकडे. पाच अक्षरांपैकी चार आली की अक्षरओळख झाली असे धरायचे. एका मुलाला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. तीस मुलांचा वर्ग दोन दिवसांत होतो. रंग नाहीत, गाणी नाहीत, नाचणारे अस्वल नाही. म्हणूनच की काय, गटांवर हा कागद कोणी कोणाला पाठवताना मला फारसे दिसले नाही.

अर्थात हा कागद मूल कोणत्या पायरीवर आहे ते सांगतो, पाय का घसरला ते सांगत नाही. त्यासाठी न्यूझीलंडच्या मेरी क्ले या विदुषीने रूढ केलेली एक रीत आहे. मूल वाचत असता शिक्षकाने कागदावर प्रत्येक बरोबर शब्दाला एक टीप द्यायची, आणि चुकलेला शब्द मुलाने जसा उच्चारला तसाच लिहून ठेवायचा. सुधारायचे नाही, मध्ये बोलायचे नाही. ही रीत समजावणारे लेख आणि चित्रफिती आंतरजालावर हव्या तेवढ्या आहेत, मात्र बहुतेक इंग्रजीत. आपण ती मराठीला सहज लावू शकतो. 'पिकले'ला 'पकिले', 'किती'ला 'कती' असे लिहिलेले चार शब्द एका खाली एक आले की शिक्षकाला दुखणे आपोआप दिसते. दुसऱ्या मुलाच्या कागदावर 'घर'ला 'धर' आणि 'भात'ला 'मात' असेल. दोघेही 'शब्द पातळी'चेच, पण एकाला वेलांटीचा सराव हवा आणि दुसऱ्याला सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा. दोघांना एकच चित्रफीत दाखवून काय होणार?

आता पुडीकडे येऊ. मुलाची अक्षरे काही जुळली आहेत, काही नाहीत. त्याने वाचावे काय? येथे आपल्याकडे एक मोठे काम झाले आहे, ते आंतरजालाच्या पुष्कळ आधीचे. फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी १९७८ साली प्रगत शिक्षण संस्था काढली. सगळी वर्णमाला क्रमाने घोकून, मग सगळी बाराखडी घोकून, मग एकदाचा शब्द, अशी वाट न धरता थोडी अक्षरे आणि त्यांबरोबरच एखादी मात्रा घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचायला द्यायचे, हा मार्ग त्यांनी तेथे चालवला. मी नमुना सांगतो. क, म, ल ही तीन अक्षरे आणि एक काना एवढेच भांडवल घ्या. काका, मामा, काम, माल, लाल, कमल, कमाल, मका. चार खुणांत आठ शब्द झाले, आणि 'लाल मका' म्हटले की वर्गात वाद सुरू होतो की मका लाल असतो का! वाचन सुरू झाले ते तेथे. क ते ज्ञ पर्यंत पोचायला मूल दिवाळी पाहते, आणि तोवर त्याला वाचून एकदाही हसू आलेले नसते.

आंतरजालावरच्या मराठी अक्षरओळखीच्या चित्रफितींपैकी मी ज्या पाहिल्या त्यांतल्या बहुसंख्य 'अ अननसाचा'पासून निघून ज्ञ पर्यंत एका दमात जातात. गाणे गोड असते, मुले तालावर डोलतात, आणि गाणे पाठ होते. त्या मुलीला धडा पाठ होता, तसेच. घरात करमणूक म्हणून माझी हरकत नाही, पण शिक्षकाने त्यावर तास खर्च करू नये.

गोष्टींच्या बाबतीत मात्र आंतरजालाने खरा चमत्कार केला आहे. 'प्रथम बुक्स' या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे साक्षरतादिनी, 'स्टोरीवीव्हर' नावाचे संकेतस्थळ उघडले. आज तेथे तीनशेहून अधिक भाषांतली चित्रमय गोष्टींची पुस्तके आहेत. मराठी तर आहेच, पण कोरकू, संताळी यांसारख्या भाषाही आहेत. मेळघाटातल्या मुलाला त्याच्या घरच्या भाषेत छापलेले पुस्तक दिसणे ही लहानसहान गोष्ट नाही. पुस्तकांच्या चार पायऱ्या केल्या आहेत. पहिल्या पायरीला अडीचशे शब्दांच्या आतली, सोप्या व पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची. चौथीला दीड हजार शब्दांच्या पुढची. आणि सर्वांत मोलाची गोष्ट ही की, लेखक-चित्रकारांचे नाव राखून कोणीही ती पुस्तके छापावी, भाषांतरित करावी, बदलावी, अशी मुभा आधीच लिहून दिलेली आहे. ज्यांनी पूर्वी एका गोष्टीच्या परवानगीसाठी प्रकाशकाकडे सहा महिने खेटे घातले आहेत, त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल. मी स्वतः त्यांतल्या गोष्टी काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर काढून, मध्ये टाचून वर्गाला दिल्या आहेत. मुले चित्रे घरी रंगवतात. पुस्तक आपले होते.

पण येथेही डोळे उघडे ठेवावेत. पायरी ठरवली आहे ती मुख्यतः शब्दसंख्येवरून. मराठीत कमी शब्द म्हणजे सोपे वाचन असे होत नाही. 'स्वयंपाकघरातल्या' हा हिशेबाने एकच शब्द, पण नवशिक्या वाचकाला तो सिंहगडच आहे! शिवाय पुष्कळ गोष्टी दुसऱ्या भाषांतून आलेल्या. भाषांतरकाराने अर्थ सांभाळला तरी जोडाक्षरे मोजलेली नसतात. म्हणून पहिल्या पायरीचे पुस्तक मुलाच्या हाती देण्यापूर्वी शिक्षकाने एकदा पेन्सिल घेऊन वाचावे आणि जोडाक्षरांवर खुणा कराव्यात. पाचसहा खुणा झाल्या तर ते पुस्तक शिक्षकाने वाचून दाखवायचे, मुलाने नव्हे. वाचून दाखवण्याची पुस्तके वेगळी आणि मुलाने वाचायची वेगळी, हा भेद घरातल्या आईवडिलांनीही लक्षात ठेवावा.

दुसरी एक अडचण इतकी बारीक आहे की ती सांगताना लोक माझ्याकडे पाहून हसतात. मराठीचा ल आणि हिंदीचा ल, मराठीचा श आणि हिंदीचा श यांची वळणे वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचे व लिपीचे प्रमाण रूप ठरवून दिले, त्यात आपली वळणे आहेत, आणि पाठ्यपुस्तकात ती असतात. पण मोबाइलवर, संगणकावर पुष्कळदा हिंदी वळणाचा टंक येतो. तुम्हाआम्हाला फरक जाणवतही नाही. पाठ्यपुस्तकातल्या श शी कशीबशी ओळख झालेल्या सहा वर्षांच्या मुलाला मात्र पडद्यावर निराळाच कोणी पाहुणा दिसतो. जोडाक्षरांचेही तेच. पाठ्यपुस्तकात 'विद्‌यार्थी' असा द चा पाय मोडून लिहिलेला आढळतो, गोष्टीत 'विद्यार्थी' एकमेकांत गुंतलेला. शिक्षकाने स्वतःची वाचनपत्रिका तयार करताना मराठी वळणाचा युनिकोड टंक घ्यावा. असे टंक मोफत मिळतात. जुन्या पद्धतीच्या टंकात केलेल्या शेकडो चांगल्या पत्रिका आज दुसऱ्या यंत्रावर उघडल्या की भलतीच चिन्हे उमटतात, आणि एखाद्या शिक्षकाच्या दहा वर्षांच्या मेहनतीची रद्दी होते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

बालभारतीचे ऋण येथे सांगायलाच हवे. १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेची पाठ्यपुस्तके आता तिच्या संकेतस्थळावरून कोणालाही फुकट उतरवता येतात. त्याहून मला आनंद झाला तो 'किशोर' मासिकाचे जुने अंक तेथे पाहून. १९७१ साली सुरू झालेल्या या मासिकाचे अंक आमच्या पिढीने फाटेपर्यंत वाचले. आता ते पडद्यावर शाबूत आहेत. वाचायला नुकतेच शिकलेल्या, पण 'आता पुढे काय वाचू?' म्हणणाऱ्या पाचवी-सहावीच्या मुलाला यापेक्षा चांगली खाण मला ठाऊक नाही. केंद्रसरकारचे 'दीक्षा' हे २०१७ सालचे व्यासपीठही आहे. पुस्तकातल्या चौकोनी ठिपक्यांच्या खुणेवर मोबाइल धरला की धड्याची सामग्री उघडते. त्यातले काही चांगले, काही नुसते धड्याचे पुनर्कथन. शब्दांसाठी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाने आंतरजालावर ठेवला आहे. मुलांना शब्दांचे खेळ करून देणाऱ्या शिक्षकाने तो अवश्य चाळावा. एका गावचा शब्द दुसऱ्या गावी कसा बदलतो हे पाहताना वेळ कसा जातो ते कळत नाही, म्हणून रात्री चाळू नये!

इंग्रजी संकेतस्थळांबद्दल मला थोडे सावधपणे बोलले पाहिजे. अमेरिकेत सार्वजनिक प्रसारणसंस्थेने चालवलेले 'रीडिंग रॉकेट्स' किंवा फ्लोरिडातल्या वाचन-संशोधन केंद्राचे संकेतस्थळ यांवर शिक्षकांसाठी उत्तम सामग्री आहे. गोष्ट वाचून दाखवताना कोठे थांबावे, कोणता प्रश्न विचारावा, नवा शब्द मुलाच्या बोलण्यात कसा आणावा, हे तेथून घ्यावे. अक्षरे शिकवण्याची रीत मात्र तेथून जशीच्या तशी उचलू नये. त्यांचा सारा खटाटोप एकाच अक्षराच्या अनेक उच्चारांशी आहे. आपले अक्षर बोलते तसे बहुधा वाचले जाते, आपला खटाटोप आकृतींच्या संख्येशी आणि मात्रांच्या जागेशी आहे. त्यांचे औषध आपल्या रोगाला कसे लागू पडणार?

आणि तेथलेही सगळे बावनकशी असते असे नव्हे. अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांत वर्षानुवर्षे मुलांना असे शिकवले जात होते की, शब्द अडला तर चित्राकडे पाहा, वाक्याचा रोख पाहा आणि अंदाज कर. त्यासाठीची पुस्तके, तक्ते, प्रशिक्षणे यांचा मोठा व्यापार होता. २०२२ मध्ये एमिली हॅनफर्ड या पत्रकार बाईंनी 'सोल्ड अ स्टोरी' ही ध्वनिमालिका प्रसिद्ध करून दाखवून दिले की, हा अंदाजाचा मार्ग वाचनाच्या शास्त्राला धरून नाही, हे संशोधकांना फार पूर्वीपासून माहीत होते. त्यानंतर कितीतरी राज्यांनी आपले कायदे आणि अभ्यासक्रम तपासायला घेतले. आपण तरी वेगळे काय करतो? 'चित्र बघ, काय आहे? आंबा! मग काय लिहिले असेल?' मूल 'आंबा' म्हणते आणि आपण शाबासकी देतो. अक्षराकडे त्याने पाहिलेलेही नसते.

मग विश्वास कशावर ठेवायचा? निदान आपल्या भाषेपुरते एक पुस्तकभर संशोधन उपलब्ध आहे, आणि तेही आंतरजालावर मोफत. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात कन्नड, अशा दोन ठिकाणी मुलांचे वाचन-लेखन तीन वर्षे सतत पाहून अहवाल लिहिला. तिसरीपर्यंत येऊनही पुष्कळ मुलांना साधा मजकूर वाचता येत नाही, वर्गाचा वेळ अक्षरे गिरवण्यात आणि उतरवून काढण्यात जातो, आणि मुलाचे बोलणे, त्याचा अनुभव, वाचलेल्याचा अर्थ यांना जागाच राहत नाही, असे त्यांत दिसून आले. अहवाल इंग्रजीत आहे आणि लांब आहे. पण आपल्या वर्गांचे इतके खरे चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी चौघांनी मिळून दर आठवड्याला एक प्रकरण वाचावे, असे मी जेथे जातो तेथे सांगतो. अजून तरी कोणी वाचल्याचे कळवलेले नाही!

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी मोठ्या हौसेने उपयुक्त संकेतस्थळांची यादी वाटली. नव्वद पत्ते होते. विभागवार, सुबक. टाळ्या झाल्या. सहा महिन्यांनी मी त्यांतल्या एका शाळेत गेलो. माझी यादी वर्गाच्या भिंतीवर होती, वर चकचकीत प्लास्टिक चढवलेले, बाजूला फुलांची नक्षी. मी विचारले, "बाई, यातले कोणते उघडून पाहिले?" बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "सर, सुरुवात कोठून करावी तेच कळेना."

चूक बाईंची नव्हती. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास हेच दाखवून दिले होते की, नुसते प्रशिक्षण ऐकून शिक्षकाच्या वर्गात फारसे काही बदलत नाही. प्रशिक्षणानंतर कोणीतरी जाणता माणूस वर्गात येऊन, त्याच्या बाजूला बसून, 'हे असे करून पाहू' म्हणाला तर बदलते. त्यातूनच तिकडे शाळाशाळांत वाचनाचा 'कोच' ही जागा निर्माण झाली. आपल्याकडे हे काम करू शकेल असा माणूस म्हणजे केंद्रप्रमुख. त्याच्याकडे दहापंधरा शाळा, आणि त्याच्या मोबाइलवर दिवसभर 'माहिती तातडीने सादर करावी' असे निरोप. तो शाळेत येतो तो माहिती न्यायला. मुलाला वाचताना त्याने ऐकावे अशी अपेक्षा त्याच्याकडून कोणी करीत नाही, आणि शिक्षकाने ऐकावे अशीही फारशी नाही; तक्ता भरला की झाले. 'निपुण भारत' योजनेने २०२१ साली तिसरीच्या मुलाने मिनिटाला साठ शब्द अर्थासह वाचावेत असे ध्येय ठेवले. ध्येय असावे, वेगही मोजावा; कारण अक्षर अक्षर लावत जाणारा मुलगा वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. पण मराठी शब्दाला विभक्तीचे, शब्दयोगी अव्ययांचे इतके डबे जोडलेले असतात की साठ मराठी शब्द आणि साठ इंग्रजी शब्द यांची तुलना करू नये. पुढे २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रत्येक भाषेचे मोजमाप वेगळे ठरवले गेले, ते शहाणपणाचे झाले. तक्त्यात मात्र आकडाच तेवढा उरतो.

त्या प्रशिक्षणानंतर मी यादी वाटणे सोडले. आता कोणी शिक्षक भेटले की मी विचारतो, "तुमच्या वर्गातल्या एका अडलेल्या मुलाचा कागद दाखवा." कागद असला की कोणते साधन घ्यावे हे दहा मिनिटांत ठरते. कागद नसला की नव्वद पत्ते व्यर्थ आहेत.

अलीकडे मुलाचे वाचन ऐकणारी यंत्रेही निघाली आहेत. २०१९ साली गूगल कंपनीने 'बोलो' नावाचे असे एक ॲप भारतात आणले. आधी हिंदी-इंग्रजी, मागाहून मराठीही. मूल मोठ्याने वाचते, यंत्र ऐकते, चुकले तर शब्द उच्चारून दाखवते. मला यात तुच्छतेने पाहण्यासारखे काही वाटत नाही. ज्या घरात वाचणारे कोणी नाही, तेथे न कंटाळणारा एक श्रोता मिळाला तर तो उपकारच. मात्र माझ्या समोर एका मुलाने 'आजी' ऐवजी आपल्या घरच्या बोलीतला शब्द उच्चारला. यंत्राने त्याला तीनदा चुकीचा ठरवला. शेजारी बसलेली त्याची बहीण म्हणाली, "अरे, तेच लिहिलंय, पुस्तकात आजी म्हणतात." एवढे बोलणे यंत्राला साधत नव्हते. मागाल तशी गोष्ट लिहून देणारी यंत्रेही आता आहेत. 'फक्त क, म, ल, र आणि काना वापरून गोष्ट दे' म्हटले की ती तत्परतेने देतात, आणि दुसऱ्याच ओळीत एक जोडाक्षर खुशाल घालून ठेवतात. मसुदा म्हणून घ्यावा, शब्दन् शब्द तपासावा. आणि मुलांच्या वाचनाच्या चित्रफिती काढून गटांवर टाकण्याची जी चाल पडली आहे, ती तेवढी बंद करावी. अडखळणाऱ्या मुलाची अडखळ चारशे लोकांना दाखवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

त्या चौथीतल्या मुलीचे काय झाले, हे आपण विचाराल. गुरुजींनी मोबाइलमधली दहा ॲपे काढून टाकली. रोज शाळा सुटल्यावर दहा मिनिटे ती वाचायची आणि ते ऐकायचे, कागदावर टिपा देत. वेलांटीचे शब्द आधी: किती, पिठी, दिवा, चिमणी. वेलांटी पाहिली की बोट पुढच्या अक्षरावर नेऊन मगच तोंड उघडायचे, ही युक्ती तिची तिनेच काढली. दीड महिन्याने पहिल्या पायरीची टाचलेली पुस्तके सुरू झाली. वार्षिक परीक्षेच्या आधी मी पुन्हा गेलो, तेव्हा तिने मला एक गोष्ट वाचून दाखवली. हळू, अडखळत, एका जोडाक्षरापाशी पूर्ण थांबत. पूर्वीचा खणखणीतपणा गेला होता. बोट आणि तोंड मात्र एकाच ओळीवर होते.

असा रोज दहा मिनिटे ऐकणारा माणूस एका शिक्षकाला तीस मुलांसाठी व्हायचे म्हटले तर दिवस पुरत नाही, हे गणित मी आपल्यापुढे ठेवतो. आपल्या गावच्या वाचनालयाने शनिवारी दुपारी दोन तास खालचा दिवाणखाना मोकळा ठेवायचे कबूल केले आहे. 'असर'चा मराठी कागद आणि पहिल्या पायरीच्या वीस गोष्टींचे टाचलेले संच दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना वाचता येते आणि दहा मिनिटे गप्प बसता येते, अशांनी जाताना एकेक न्यावा. पेन्सिल घरची आणावी.